रायफलची साईट, शिस्त आणि झिरो म्हणजे काय? फौजेतल्या फायरिंग ट्रेनिंगची सोपी माहिती

लेखी परीक्षा निघाली, मैदान मारलं, मेडिकलला फिट ठरला आणि पोरगं ट्रेनिंग सेंटरला गेलं. पुढचे काही महिने घरच्यांना फोनवर जेवण कसं आहे आणि पाय किती दुखतात एवढंच कळतं. फायरिंगचा विषय निघालाच तर "आज ग्रुपिंग होतं", "रायफल झिरो केली", "उस्ताद म्हणाले शिस्त चुकली" असं काहीतरी ऐकू येतं. घरी कुणाला काही कळत नाही, पण विचारायचं कुणी?

ज्यांची भरतीची तयारी अजून चालू आहे, त्यांच्या डोक्यात वेगळाच गोंधळ असतो. सिनेमातला हिरो कमरेवरून गोळ्या झाडतो आणि समोरचे पटापट पडतात. मोबाईलवरच्या गेममध्ये बोट दाबलं की काम झालं. खऱ्या रायफलचं तसं नसतं. गोळी कुठं लागणार हे बरंचसं साईटवर आणि ती साईट वापरायच्या सवयीवर ठरतं. ही सवय शिकवून लागते. घरी कुणी बंदूक पाहिलेली नसली तरी काही बिघडत नाही.

कोणती रायफल?

गावातल्या निवृत्त फौजींना विचारलंत तर पिढीप्रमाणे उत्तर बदलेल. सगळ्यात जुने आजोबा 'थ्री नॉट थ्री' म्हणतील. ही ली-एनफिल्ड रायफल, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची. त्यांच्यानंतरचे एसएलआरची आठवण काढतील. ७.६२ मिमीची, वजनदार, खांद्याला चांगला दणका देणारी. कारगिलच्या वेळचे, म्हणजे १९९९ च्या आसपासचे, इन्सास म्हणतील. ती ५.५६ मिमीची, मॅगझिनमध्ये २० गोळ्या, रिकामी असताना वजन चार किलोच्या थोडं वर.

आता पुन्हा बदल चाललाय. २०१९ मध्ये लष्कराने अमेरिकन बनावटीच्या ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या, त्या ७.६२ बाय ५१ मिमीच्या. २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त एके-२०३ चा करार झाला. या रायफली उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथं बनतात. त्यामुळे आज भरती होणाऱ्या पोराच्या हातात नोकरीच्या काळात दोन-तीन प्रकारच्या रायफली येऊ शकतात. साईटचं मूळ तत्त्व मात्र सगळ्यांत एकच.

साईट म्हणजे नेमकं काय

रायफलच्या नळीच्या पुढच्या टोकाजवळ एक बारीक उभी खुंटी असते, ती फोरसाईट. तिच्या शेंड्याला टिप म्हणतात. मागे डोळ्याकडच्या बाजूला बॅकसाईट असते. एके-४७ च्या घराण्यातल्या रायफलीत बॅकसाईट म्हणजे पट्टीवर कापलेली खाच. एसएलआर आणि इन्सासमध्ये खाच नाही, बारीक गोल भोक असतं. त्याला अॅपर्चर म्हणतात.

नेम धरताना डोळा, बॅकसाईट, फोरसाईटची टिप आणि टार्गेट हे चारही एका ओळीत यायला हवेत. शेतात सरी पाडताना किंवा कुंपणाचे खांब रोवताना आपण एक डोळा मिटून बघतो, पहिल्या खांबाआड बाकीचे लपले की ओळ सरळ. इथं तेच आहे, फक्त चूक फार महाग पडते.

किती महाग, ते साध्या हिशेबात बघा. दोन साईटमधलं अंतर समजा अर्धा मीटर आहे. टिप खाचेच्या मधोमध असायला हवी होती, ती फक्त १ मिलिमीटर उजवीकडे सरकली. १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर उजवीकडे जाईल, म्हणजे एक वीत. ३०० मीटरवर ६० सेंटिमीटर. माणसाच्या छातीवर धरलेला नेम माणसाला सोडून जातो. आणि हातातली रायफल मिलिमीटरभर हलली हे नव्या पोराला कळतसुद्धा नाही.

डोळ्याची आणखी एक अडचण आहे. माणसाच्या डोळ्याला जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. बॅकसाईट वीतभरावर, फोरसाईट हातभरावर आणि टार्गेट शंभर-दोनशे मीटरवर. मग बघायचं कशाकडे? नवीन पोरगं हमखास टार्गेटकडे बघतं, कारण मारायचं तिकडे. उस्ताद ओरडतात ते इथंच. नजर फोरसाईटच्या टिपवर ठेवायची. टिप एकदम धारदार दिसली पाहिजे, टार्गेट थोडं धुरकट दिसलं तरी चालेल. ऐकायला उलटं वाटतं, पण वरचा मिलिमीटरचा हिशेब आठवा म्हणजे पटेल. टार्गेट धुरकट दिसल्याने फार बिघडत नाही, साईट हलल्याने सगळं बिघडतं.

अॅपर्चरचा फायदा इथंच आहे. भोकातून बघितलं की डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि बारीक भोकामुळे जवळचं-लांबचं दोन्ही जरा स्पष्ट होतं. चष्मा असणाऱ्यांनी कागदाला टाचणीचं भोक पाडून चष्म्याशिवाय लांबची पाटी वाचून बघावी, फरक लगेच जाणवेल. अंधारात मात्र हेच भोक अडचणीचं, कारण आत येणारा उजेड कमी होतो.

आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं, ते अशाच भोकाच्या साईटमधून बघून. त्या खेळात दुर्बीण लावायला परवानगी नसते. टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल अवघ्या १०.४ मिलिमीटरचा, आणि गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही पोझिशनमध्ये मारायचं. कुसाळे फौजेतले नव्हेत, रेल्वेतले. पण फोरसाईट, श्वास आणि ट्रिगर यांचे नियम त्यांना आणि बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या रिक्रूटला सारखेच लागू.

गोळी सरळ जात नाही

बहुतेकांना वाटतं गोळी दोरीसारखी सरळ जाते. तसं नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखीच. इन्सासची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने निघते, पुढे हवा तिचा वेग कमी करत जाते. ३०० मीटर गाठायला तिला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात ती पाऊण मीटरच्या आसपास खाली आलेली असते.

म्हणून साईट अशी बसवलेली असते की नजर सरळ आणि नळी किंचित वर. गोळी वर चढून मग खाली येते आणि ठरलेल्या अंतरावर नजरेच्या रेषेला मिळते. अंतर बदललं की बॅकसाईटची रेंज बदलावी लागते. टार्गेट ३०० मीटरवर आणि साईट १०० ची लावलेली असेल तर नेम कितीही चांगला धरा, गोळी खालीच जाणार. त्यामुळे अंतराचा अंदाज घेणं हा ट्रेनिंगमध्ये स्वतंत्र धडा असतो. विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, माणूस किती मोठा दिसतो त्यावरून अंदाज बांधायला शिकवतात. माळावर गुरं राखलेल्या पोराला हे बंगल्यात वाढलेल्या पोरापेक्षा लवकर जमायला हवं, असं आमचं मत.

पकड, शिस्त, ट्रिगर

फौजेच्या हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. घरच्यांचा गोंधळ इथं होतो. पोरगं "माझी शिस्त चुकली" म्हणालं तर त्याने बेशिस्त वागणूक केली असं नाही, नेम चुकला एवढंच.

चांगल्या फायरसाठी तीन गोष्टी घोकून घेतल्या जातात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन.

पकड म्हणजे रायफलचा बट खांद्याच्या खळग्यात घट्ट, गाल दरवेळी बटच्या त्याच जागी टेकलेला, कोपरं जमिनीवर पक्की. सुरुवात झोपून फायर करण्यापासून होते, कारण जमीन आधार देते. बट सैल ठेवला तर दणका जास्त बसतो आणि पुढच्या गोळीला अंगच कचरतं.

श्वासाचं असं की छाती हलली की साईट हलते. श्वास घेऊन थोडा सोडायचा, जिथं आपोआप क्षणभर थांबतो तिथं थांबायचं आणि त्या पाच-सात सेकंदात गोळी सोडायची. नाही जमलं तर परत श्वास घ्यायचा. जास्त वेळ रोखून धरला की हात थरथरतो, डोळ्यापुढचं पुसट व्हायला लागतं.

सगळ्यात जास्त पोरं चुकतात ती ट्रिगरवर. झटका मारला की आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते, नळी गोळी सुटायच्या आतच खाली किंवा बाजूला जाते. बोटाच्या पहिल्या पेराने ट्रिगर हळूहळू, सरळ मागे दाबत आणायचा. गोळी कधी सुटली हे स्वतःलाही नेमकं कळू नये, इतका सावकाश. आवाजाच्या भीतीने आधीच डोळे मिटणं, खांदा आकसणं हे जवळपास सगळ्यांना होतं. त्यावर उपाय म्हणजे गोळी न भरता सराव. रिक्रूट तासन् तास रिकाम्या रायफलीवर हेच करत असतात. कंटाळवाणं काम आहे, पण खरा नेम इथंच तयार होतो. आता बऱ्याच सेंटरमध्ये पडद्यावर टार्गेट दाखवणारे सिम्युलेटरही आहेत. त्यात ट्रिगर दाबताना नळी कुठं हलली ते पडद्यावर दिसतं आणि चूक लपवता येत नाही.

ग्रुपिंग आणि झिरो

पहिल्यांदा रेंजवर गेल्यावर बरोब्बर मध्यात मारायची अपेक्षा नसते. एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या मारायच्या. त्या पाच भोकांचा जो पुंजका पडतो, तो ग्रुप. पुंजका लहान असेल आणि मध्यापासून वीतभर बाजूला पडला असेल तरी उस्ताद खूश असतात. कारण माणूस दरवेळी सारखंच करतोय, दोष साईटचा आहे. भोकं टार्गेटभर विखुरली असतील आणि त्यातलं एक बरोबर मध्यात असेल, तर त्या एकाचं कौतुक कुणी करत नाही. तो नशिबाचा भाग.

ग्रुप नीट पडायला लागला की मग साईट सरकवून तो मध्यावर आणतात. याला झिरो करणं म्हणतात. यात एक गंमत आहे आणि परीक्षेतही हा प्रश्न पोरांना फसवतो. फोरसाईट चुकीच्या दिशेने, म्हणजे गोळ्या जिकडे जातायत तिकडेच सरकवायची. गोळ्या वर लागत असतील तर टिप वर करायची, डावीकडे लागत असतील तर टिप डावीकडे. उलटं का नाही? कारण उंच झालेली टिप टार्गेटवर आणायला नळी खाली करावी लागते, मग गोळी खाली येते. बॅकसाईट सरकवायची असेल तर नियम बरोबर उलटा.

झिरो माणसागणिक वेगळा पडतो. एकाच रायफलीवर दोघांचा गाल वेगळा टेकतो, डोळा वेगळ्या जागी येतो. म्हणून जवान आपली रायफल दुसऱ्याला सहज देत नाही, आणि साईटला विनाकारण हात लावला तर चिडतो.

दुर्बीण, लाल ठिपका आणि रात्रीची साईट

आता साध्या साईटवर आणखी साधनं येतायत. दुर्बिणीच्या साईटमध्ये टार्गेट मोठं दिसतं. फौजेत बरीच वर्षं असलेल्या ड्रॅगुनोव्ह स्नायपर रायफलीची दुर्बीण चारपट मोठं दाखवते. पण त्यात आपला थरकापही चारपट दिसतो, आणि आजूबाजूचं कमी दिसतं. डोळा फार जवळ नेला तर दणक्यासरशी भुवई फुटते. हा प्रसाद अनेकांना मिळालेला आहे.

लाल ठिपक्याच्या साईटमध्ये काचेत एक ठिपका दिसतो. तो टार्गेटवर ठेवायचा आणि दोन्ही डोळे उघडे. पुढची-मागची साईट जुळवायची कटकट नाही, त्यामुळे जवळच्या, झटपट कामाला चांगली. रात्रीसाठी दोन प्रकार आहेत. एक चांदण्यांचा अंधूक उजेड कितीतरी पट वाढवून दाखवतो, दुसरा अंगाची उष्णता पकडतो. पहिल्याला थोडा तरी उजेड लागतो, दुसऱ्याला मिट्ट काळोखही चालतो.

एवढं सगळं असताना साधी साईट कशाला शिकवतात? बॅटरी संपते, काचेवर चिखल-बर्फ बसतं, पडून फुटते. लोखंडी खुंटी आणि भोक चालू राहतं.

रेंजवरचे नियम

रायफल हातात घेतली की पहिलं काम म्हणजे ती रिकामी आहे का ते बघणं, कुणी "रिकामी आहे" म्हणून दिली असली तरी. नळी कायम टार्गेटच्या किंवा सुरक्षित दिशेला. हुकूम मिळेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. फायर थांबवायचा हुकूम झाला की तिथंच थांबायचं, एक गोळी राहिली म्हणून मारायची नाही. रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, म्हणून कानात बोळे हवेतच. सुरुवातीला पोरं लाजेखातर घालत नाहीत आणि मग रात्रभर कान वाजतात.

गोळ्या मोजून मिळतात आणि झाडून झाल्यावर खोकी मोजून परत द्यावी लागतात. एक कमी पडलं तरी अख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत गवतात शोधत बसते. तेव्हा आयांनो, दादांनो, आठवण म्हणून पोराला खोकं आणायला सांगू नका. त्याच्या अंगाशी येईल.

फायर संपला तरी काम संपत नाही. दोरीला कापडाची चिंदी लावून नळी आतून साफ करायची. हो, फौजेतही तिला चिंदीच म्हणतात. मग तेलाची चिंदी. साफ न केलेली रायफल ऐन वेळी अडते.

घरून काय तयारी करायची?

अग्निवीर भरतीत फायरिंगची कोणतीही परीक्षा नसते. कुणी 'भरतीसाठी फायरिंग ट्रेनिंग' म्हणून वेगळी फी मागत असेल तर ते पैसे खुराकाला आणि बुटाला घाला. खरं फायरिंग शिकायचं असेल तर कॉलेजातली एनसीसी घ्या. तिथं .२२ रायफलवर रीतसर फायर मिळतो आणि एनसीसीच्या प्रमाणपत्राला अग्निवीर भरतीत बोनस गुणही आहेत. मुलींनाही एनसीसी खुली आहे, आणि लष्करी पोलीस दलात मुली अग्निवीर म्हणून जातातच.

घरी एक गोष्ट मात्र फुकटात तपासता येते. दोन्ही हात लांब करून तळव्यांनी बारीक त्रिकोणी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचा खांब त्या खिडकीत धरा. आता एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना खांब खिडकीतच राहतो, तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या काहींचा मुख्य डोळा डावा निघतो आणि रेंजवर त्यांचा नेम का लागत नाही हे कुणाला कळत नाही. आधीच माहीत असेल तर उस्तादांना पहिल्याच दिवशी सांगता येतं.

आणि एक गोष्ट चुकूनही करू नका. कुणाचा तरी कट्टा हातात घेऊन रील काढायची, स्टेटसला ठेवायची. विनापरवाना शस्त्र बाळगणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. भरतीत निवड झाल्यावर पोलीस पडताळणी होते, आणि दोन वर्षं पहाटे चारला उठून पळालेला पोरगा १५ सेकंदांच्या व्हिडिओपायी घरी बसतो. परवाना असलेल्यांनीही लक्षात ठेवावं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, वरातीत, विजयी मिरवणुकीत हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच.

ज्यांची गावं किंवा रानं फायरिंग रेंजला लागून आहेत त्यांच्यासाठी: लाल झेंडा वर असेल तेव्हा गुरं तिकडे सोडू नका. झेंडा उतरल्यावरही भंगार म्हणून काही उचलू नका. रायफलच्या रेंजवर रिकामी खोकी असतात, पण तोफा-रणगाड्यांच्या रेंजवर न फुटलेला गोळा असू शकतो. तसं काही दिसलं तर हात न लावता जागा लक्षात ठेवा आणि पोलीस पाटलांना किंवा ११२ वर कळवा.